घुमटाखालचा होकार

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला तीन वर्षं होऊन गेली होती. औरंगाबादच्या वेशीबाहेरच्या एका जुन्या मकबऱ्याच्या घुमटाला चीर गेली होती आणि ती बुजवायचं काम ओव्हरसियर हेमचंद्रकडे आलं होतं. चुन्याची घमेली वाहायला पिशोरची सरूबाई होती. दुपारी बाकीचे मजूर लिंबाखाली भाकरी सोडायचे, तेव्हा ही एकटी आत जायची.

एकदा विसरलेली मोजपट्टी घ्यायला हेमचंद्र परतला. सरूबाई घुमटाखाली मधोमध उभी होती. तोंड वर करून तिनं विचारलं, "हायसा व्हय?"

वरून आलं, "व्हय… व्हय… व्हय…"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निमूट बाहेर गेली.

कडूबा गवंड्याला हेमचंद्रनं विचारलं. तो म्हणाला, "तिचा नवरा, पुंजाराम. त्या धामधुमीत आम्ही दोघं बैलगाडी टाकून पळालो. तो या घुमटात शिरला, मी नाल्यात. सकाळी येऊन पाहतो तर आत कुणीच नाय. मयतसुद्धा नाय."

हेमचंद्रला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो तिच्या मागोमाग आत गेला.

"सरूबाई, तो आवाज तुमचाच आहे. घुमटाला आपटून परत येतो."

"माझा आवाज मला कळत नाय व्हय, सायब?"

तिला पटवायला तो वर पाहून तिच्याच बोलीत मोठ्यानं म्हणाला, "इथं कुणी नाय."

"नाय… नाय… नाय…"

शब्द त्याचाच होता. पण परत आलेला आवाज घोगरा होता, कित्येक दिवस पाणी न मिळालेल्या माणसासारखा.

शेवटचा आवाज विरेपर्यंत सरूबाई ऐकत राहिली. मग हळू म्हणाली, "माझं मन राखायला व्हय म्हणत व्हते. तुम्हाला खरं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं, हातात बांगड्या नव्हत्या. कडूबानं थापी खाली ठेवली. त्या दुपारपासून ती सगळ्यांबरोबर लिंबाखाली जेवायला बसू लागली.

काम संपल्यावर मोठे साहेब पाहणीला आले. घुमटाखाली उभं राहून त्यांनी विचारलं, "आत काही राहिलं का?"

हेमचंद्रनं नुसती मान हलवली. तोंड उघडायचं त्याला धाडस झालं नाही.