दोन बोटं डाळ

लाकडी चमच्याची दांडी डाळीच्या डब्यात तळाला टेकेपर्यंत खुपसून तिने वर काढली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. शनिवारी तिने दांडीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. मधल्या दोन दिवसांत चार माणसं चार वेळा जेवली. म्हणजे डाळ रेघेच्या खाली उतरायला हवी होती. पण दांडीला चिकटलेली पांढरट भुकटी रेघेच्या वर चांगली दोन बोटं चढली होती.

तिने दांडी फडक्याला पुसली आणि पुन्हा खुपसली. पुन्हा दोन बोटं.

गल्लीत तिला तराजूबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला मानच वाटे. ती येताना दिसली की भाजीवाला काट्याखालचा खडा आधी काढून ठेवतो, असं लोक म्हणायचे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, मुलगा छापखान्यात होता, आणि दोघांच्या मिळून येणाऱ्या पैशांत महिना शेवटच्या तारखेपर्यंत ओढत नेणं हे तिचं काम होतं. आजवर एकदाही तिने कुणाच्या दारात वाटी घेऊन पाऊल टाकलं नव्हतं.

त्यामागे एक युक्ती होती. महिन्याचं सामान आलं की ती त्याचे दोन भाग करायची. अर्धं डब्यांत, अर्धं पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या चादरींच्या खाली, कुलपात. डबा भरलेला दिसला की माणसाचा हात सैल सुटतो, हे तिचं पक्कं मत होतं. दहा तारखेच्या सुमाराला डब्यांचे तळ दिसू लागत, आणि मग घरातले सगळे आपोआप बेताने वाढून घेत. साखर अर्धा चमचा, तेल थेंबाथेंबाने. त्यानंतर ती दुपारी घरात कुणी नसताना ट्रंकेतून वाटीवाटीने काढून डब्यांत टाकायची. नवऱ्याच्या पहिल्या मालकाने दुकान बंद केलं, तेव्हा चार महिने या ट्रंकेने घर जगवलं होतं. नवऱ्याला ट्रंक माहीत होती, पण माहीत नसल्यासारखा तो वागे. मुलाला लहानपणापासून एवढंच कळलेलं होतं की आपल्या घरात डबा कधी भरलेला नसतो आणि कधी संपतही नाही. यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नाही.

ती पलंगाखाली वाकली. कुलूप होतं तसं होतं. उघडून पाहिलं, पिशव्यांच्या गाठी तिनेच मारलेल्या होत्या. म्हणजे तिच्याच हातून चुकून ट्रंकेतली डाळ डब्यात पडली, असंही नाही.

मग तिने ताट घेतलं आणि डब्यातली मूठभर डाळ त्यात पसरली. ती फुटकी डाळ घ्यायची. पोत्याच्या तळाशी उरते ती, स्वस्तात मिळते, आणि शिजल्यावर कोण बघायला येतंय फुटकी की अख्खी. ताटात फुटकी डाळ होतीच, पण तिच्यात अख्खे, गोल, नीट निवडलेले दाणे मिसळलेले होते.

"पाणी कुठेतरी मुरतंय," ती ताटाला म्हणाली.

चार महिन्यांपूर्वी घरात सून आली होती. मुलगी कामसू होती, एका दवाखान्यात कागद लावायचं काम करायची, बोलणं कमी. हे कमी बोलणंच तराजूबाईंना सुरुवातीपासून खटकत होतं. दर रविवारी दुपारी ती आईकडे जायची आणि जाताना कापडी पिशवी घेऊन जायची. पिशवीत काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं. विहीण विधवा, एका खोलीत राहणारी, शिंप्याच्या दुकानासाठी घरी काजं-बटणं करून देणारी. अशा घरी मुलगी रिकाम्या हाताने जाईल कशाला?

आणि आता नेलेलं परत भरलं जात होतं. चोराच्या मनात चांदणं. गेल्या आठवड्यात तिने सुनेसमोर झाकण उघडून "यंदा डाळ लवकर उतरली" असं मुद्दाम म्हटलं होतं. पोरगी घाबरली असणार आणि कुठून तरी आणून खड्डा बुजवत असणार. सगळं कसं जुळत होतं.

संध्याकाळी नवरा आला. डोळ्याला भिंग लावून लावून त्याची एक भुवई कायमची वर गेली होती, त्यामुळे तो सदा चकित झाल्यासारखा दिसे. फक्त आज तो चकित झाला नाही.

"अहो, डाळ वाढलीय."

"वाढू दे की."

"डाळ आपोआप वाढते का कधी?"

"कमी झाली तरी तुझी कुरकुर, वाढली तरी कुरकुर. देवाने एकदा ऐकलं म्हणून समज."

"तुमची सून डब्यांना हात लावते."

"मग? घर तिचं नाही का?" तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला. मग जरा थांबून म्हणाला, "तिला काही बोलू नकोस हं. नीट कळल्याशिवाय बोलू नकोस."

जेवताना तिने सुनेवर नजर ठेवली. सुनेने स्वतःला वाढून घेतलं ते इतकं कमी की ताटाचा रंग दिसत होता. मुलगा म्हणाला, "अगं घे ना अजून." ती म्हणाली, "दवाखान्यात खाल्लं होतं दुपारी." तराजूबाईंनी तेही मनात टिपून ठेवलं. बाहेर खाते. म्हणजे पैसे कुठून तरी येतात.

मंगळवारी सून कामावर गेल्यावर तिने डाळीचे ते अख्खे दाणे निवडून रुमालाच्या टोकाला बांधले आणि घराला कुलूप लावलं. विहिणीसमोर गाठ सोडायची आणि विचारायचं, ही डाळ कुणाची? घरातली गोष्ट मुलासमोर काढून पोराचा संसार बिघडवण्यापेक्षा दोघी बायांनी आपसांत मिटवलेली बरी, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. वाटेत दोन-तीन वाक्यं घोळवून झाली. 'विहीणबाई, मी बोलतेय त्याचा राग मानू नका' हे पहिलं वाक्य होतं. दुसरं चांगलंच लागट होतं आणि ती त्याच्यावर खूश होती.

तीन जिने चढून ती पोचली तेव्हा विहीण खिडकीजवळ जमिनीवर बसली होती. एका बाजूला सदऱ्यांचा ढीग, मांडीवर एक सदरा, तोंडात दोरा. तराजूबाईंना दारात पाहून तिने दोरा दातांनी तोडला आणि घाईने उठली.

"या, या. बसा." खुर्ची एकच होती, तिच्यावरचे सदरे तिने उचलले. "तुम्ही स्वतः याल असं वाटलं नव्हतं हो. तीन जिने चढून आलात."

"विहीणबाई, मी बोलतेय त्याचा..."

"काही बोलू नका. मला कळतं." विहिणीने त्यांचा हात धरून त्यांना बसवलं. तिची बोटं सुईने खरखरीत झाली होती. "अशा कामाला पाऊल उचलत नाही माणसाचं. माझे हे गेले त्या वर्षी मी तीनदा माझ्या भावाच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते."

तराजूबाईंनी रुमालाची गाठ मुठीत झाकून घेतली.

"पोरीला रागावू नका. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय तिने मला. पहिल्याच महिन्यात येऊन म्हणाली, आई, आमच्याकडे दहा तारीख झाली की डब्यांचे तळ दिसतात. सासूबाई मोजून मोजून घालतात आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. मला म्हणाली, विचारलं तर त्यांना वाईट वाटेल." विहीण बोलता बोलता फळीवरचा डबा काढत होती. "मी म्हटलं, बरोबर आहे. घड्याळं आता दुरुस्तीला देतं कोण? बंद पडलं की नवीन घेतात. होतं असं संसारात. त्यात कमीपणा नाही."

"तसं नाहीये हो," तराजूबाई म्हणाल्या.

"माझ्यापुढे कसला संकोच?"

ट्रंक आहे, असं म्हणायला हवं होतं. पलंगाखाली ट्रंक आहे, तिच्यात महिन्याचं अर्धं सामान आहे, आणि गेल्या महिन्याचंही थोडं आहे. एवढं साधं वाक्य. पण तीन जिने चढून आलेल्या बाईने ते सांगायचं कसं? आणि सांगितलं तर या बाईने इतके महिने काय केलं, ते तिच्यासमोर उभं करून मांडायचं कसं?

विहिणीने डब्यात वाटी घातली. वाटीची कड पत्र्याला घासून आवाज आला. तराजूबाईंना तो आवाज पाठ होता. त्यांच्या घरी दर महिन्याला दहा तारखेला तो यायचा, पण तो त्यांनी ठरवून आणलेला असायचा. इथे विहीण डबा तिरका करून, कोपऱ्यातले दाणे बोटाने ओढून वाटीत घेत होती. दाणे अख्खे, गोल होते.

"ही चांगली डाळ आहे," तराजूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याकडे द्यायची म्हणून वेगळी आणते. पोरीच्या सासरी फुटकी कशी पाठवू?" विहीण हसली. "माझं काय, मी एकटी. मला काहीही चालतं."

फळीवर आणखी एक बरणी होती. तिच्यात फुटकी डाळ होती, मूठभर. तराजूबाईंनी आयुष्यभर डोळ्यांनी मापं काढली होती. ती डाळ एका माणसाला दोन दिवस पुरली असती, तेही पाणी जास्त घातलं तर. त्यांना लाज वाटली. इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"राहू द्या हे," त्या म्हणाल्या.

"घ्या हो. ओझं मानू नका." विहिणीने पिशवीला गाठ मारली, ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. "आणि पुढच्या वेळी स्वतः चढू नका एवढे जिने. पोरीच्या हाती निरोप पाठवा."

घरी आल्यावर तराजूबाईंनी चपला दारात न काढताच ट्रंक बाहेर ओढली. दुपारचा एक वाजला होता. त्यांनी डाळ ओतली, तांदूळ ओतले, पीठ, साखर, चहा, सगळं ओतलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या वाटीने न घेता पिशवी उलटी करत होत्या. तांदळाच्या डब्याचं झाकण बसेना, तेव्हा त्यांनी वरचे दाणे हाताने दाबले. जमिनीवर सांडलेले उचलले नाहीत. मग बसून राहिल्या.

सून संध्याकाळी आली, हातपाय धुऊन स्वयंपाकाला लागली. डाळीचा डबा तिने सवयीने एका हाताने ओढला, तो हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, झाकण काढलं आणि आत बघत राहिली. तांदळाचा डबा उघडला. साखरेचा उघडला. मग तिने वळून सासूकडे पाहिलं. तिची नजर आधी सासूच्या गळ्याकडे गेली, तिथून कानांकडे, तिथून बोटातल्या अंगठीकडे. साखळी होती, कानातलं होतं, अंगठी होती. सून पुन्हा एकदा गळ्याकडे बघायला गेली.

"आई, काय विकलंत?"

"काही नाही विकलं गं."

"उसने घेतले?"

"नाही."

"मग कुठून आलं हे सगळं?"

पलंगाखालून ओढलेली ट्रंक तशीच उघडी पडली होती. तराजूबाईंनी तिच्याकडे बोट केलं नाही, पण मान तिकडे वळली.

"घरातच होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. माझी पद्धत आहे तशी."

सून ट्रंकेकडे बघत राहिली. रागावेल, रडेल, काहीतरी बोलेल म्हणून तराजूबाई वाट बघत होत्या. तिने फक्त साखरेच्या डब्याचं झाकण लावलं, आणि ते नीट बसलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं.

"माझी आई तीन महिने झाले रात्री नुसता चहा पिऊन झोपते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला म्हणते, या वयात भूक लागत नाही."

ओट्यावर विहिणीने दिलेली पिशवी पडली होती, गाठ न सोडलेली. सुनेला ती गाठ ओळखता आली. तिने पिशवी हातात घेतली, वजन बघितलं आणि ती कुठून आली ते कळताच सासूकडे पाहिलं.

"तुम्ही गेला होतात तिच्याकडे?"

"हो."

"तिला सांगितलंत?"

तराजूबाईंनी मान हलवली. सांगितलं नव्हतं. "उद्या सकाळीच जाते," त्या उठत म्हणाल्या. "ही परत देते. सोबत पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, सगळं मी स्वतः नेऊन पोचवते. मी पाया पडेन तिच्या."

"नको," सून म्हणाली. ती हसली नाही. "तुम्ही जाऊ नका. तुम्ही दारात दिसलात की ती आणखी काहीतरी बांधून देईल."