लोहारणीची पात

लोहार बांधावर येऊन ओरडायला लागला तेव्हा आम्ही कांदा खुरपत होतो, आणि त्याच्या बायकोची पात मोकळी होती.

मी टोळीची मुकादमीण. खुरपणीला ओळीनं बसायचं, जिच्या वाट्याला जी पट्टी येईल ती तिची पात. लोहारीण त्या दिवशी नर्सबाईंबरोबर दवाखान्यात गेली होती, पोरं बंद करायचं ऑपरेशन करायला. मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती. आता पोट राहिलं तर बाई हातची जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. लोहाराला मात्र आणखी एक पोरगा हवाच होता. ऑपरेशनआधी तिथं पोचला असता तर त्यानं तिला हाताला धरून ओढत आणलं असतं.

"माझी बायको कुठंय?"

"असेल इथंच," मी म्हणाले. "बाईमाणसानं आडोशालासुद्धा जायचं नाही का?"

"सकाळपासून?"

"पोट बिघडलंय तिचं. तू येतोस का बघायला?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला दोनच पोरं. गोळ्या घेऊन थांबले तेव्हा वांझोटी सोडून सगळं म्हणून झालं होतं गावाचं. त्यामुळं लोहाराच्या डोळे वटारण्याला मी भीक घालत नव्हते. भीती होती ती त्याच्या आईची. म्हातारी शेवटच्या पातीला बसलेली, आणि लेकाशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"आई, तू तरी खरं सांग."

"आधी मला पाणी आण."

त्यानं आणलं. म्हातारी घोट घोट प्यायली. मग भट्टी विझवलीस का, भाता कुणाच्या भरवशावर टाकून आलास, असं काहीबाही विचारत बसली. आम्ही खुरपत राहिलो. ऊन चढत चढत डोक्यावर आलं. म्हातारीनं वर बघितलं आणि खुरपं मातीत रोवलं.

"दवाखान्यात गेलीय. एव्हाना झालं असेल."

"मला न विचारता?"

"तुझ्या बापानं मला नऊ वेळा कुठं विचारलं होतं? पाच लेकरं या हातांनी पुरली. तू सगळ्यात धाकटा. माझ्या वेळी ही सोय असती, तर तू झालाच नसतास. राग आला तर येऊ दे."

लोहाराचा चेहरा उतरला. तरी तो तरातरा दवाखान्याच्या वाटेला लागला. तशा आम्ही सगळ्या उठलो आणि वाटेत उभ्या राहिलो. हातातल्या खुरप्यांना त्यानंच धार लावून दिलेली. तो थबकला, आणि थोड्या वेळानं बांधावरच बसला.

"घरी कधी येणार ती?"

"उद्या," म्हातारी म्हणाली. "आणि महिनाभर घागर उचलायची नाही तिनं."

"मग पाणी कोण भरणार?"

"दिवसभर घण उचलतोस ना? घागर काय जड आहे तुला?"

आम्ही पुन्हा खुरपायला बसलो. सुताराची नवी सून, एरवी तोंडातून आवाज न फुटणारी, लोहाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, नर्सबाई परत कधी येणार हो?"

"सोमवारी," मीही मोठ्यानंच सांगितलं.