दोन लांब, एक आखूड

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. मला कानाला लावून समुद्राची गाज ऐकायची असेल तर खुशाल ऐका, पण ती कुठल्याही शंखात ऐकू येते. माझे काम वेगळे होते. मी माणसांना घरी बोलवायचो.

माझा जन्म बार्बाडोस बेटाच्या कोमट, हिरव्या पाण्यात झाला. माझ्या आतल्या जिवाचे कोणीतरी कालवण केले आणि मला वाळूत भिरकावून दिले. तिथे उत्तरेचे एक शिडाचे जहाज वाळलेला कॉड मासा घेऊन आले होते. परत जाताना त्याने काकवीची पिंपे भरली आणि त्या पिंपांच्या सांदीत मलाही घातले. असा मी कॅनडाच्या गास्पे किनाऱ्यावर, सेंत-ओदील नावाच्या गावात येऊन पडलो. तिथला पहिला हिवाळा पाहून मला वाटले, आता आपले काही खरे नाही.

देलिमा नावाच्या बाईने मला घरी नेले. तिच्या नवऱ्याने करवतीने माझे टोक कापले, कड घासून गुळगुळीत केली आणि एक फुंकर मारली. माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला, तेव्हा मीच दचकलो. तोवर मला ठाऊकच नव्हते, की आपल्याला गळा आहे.

त्या गावात धुके पाहुण्यासारखे सांगून येत नसे. पुरुष होड्यांतून कॉड धरायला गेलेले असत आणि घटकाभरात स्वतःचे वल्हेही दिसेनासे होई. मग बायका किनाऱ्यावर येऊन शंख फुंकत. प्रत्येक घराची हाक ठरलेली होती. शेजारच्या घराच्या तीन आखूड, चर्चमागच्या घराची एकच लांबलचक, आणि आमची दोन लांब, एक आखूड. आपली हाक ऐकून माणूस नेमका आपल्या घरासमोर होडी लावी. हे फार गरजेचे होते, कारण खाडीच्या तोंडाशी ‘म्हातारी’ नावाचा खडक होता आणि त्या म्हातारीने तीन होड्या गिळल्या होत्या.

देलिमानंतर मी तिच्या सुनेकडे, झेलियाकडे आलो. काय सांगू मित्रांनो, दम असावा तर असा. तिची एक फुंकर पलीकडच्या गावापर्यंत पोचायची. तिचा नवरा एल्झेआर लोकांना सांगायचा, “हिच्या बापाने लग्नात गाय देऊ केली होती. मी म्हटलं, नको. हिच्यापुढे गाय लाजेल.” झेलिया मला माशाच्या तेलाने पुसून मेरीमातेच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लढाई आली. लढाई युरोपात होती, म्हणजे आमच्यापासून एक अख्खा महासागर दूर. जर्मनी कुठे आणि सेंत-ओदील कुठे. पण १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन पाणबुड्या थेट आमच्या आखातात शिरल्या आणि मालवाहू जहाजे बुडवू लागल्या. संध्याकाळी जेवताना कधी दूरवर धप्प आवाज होई आणि ताटल्या थरथरत. सकाळी किनाऱ्याला फळ्या लागत, कधी एकटाच बूट. वर्तमानपत्रात मात्र चकार शब्द नसे.

गावाने खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग फासला. दुकानदार तेलेस्फोर पहाऱ्याचा मुख्य झाला. त्याने दुर्बीण आणि वही घेतली आणि तीनदा पाणबुडी पाहिल्याची वर्दी दिली. तिन्ही वेळा तो सील प्राणी निघाला.

“तुझ्या पाणबुडीला मिशा होत्या का रे?” एल्झेआरने भर दुकानात विचारले. सगळे हसले. तरी पाण्याकडे पाठ करून बसायची कोणाचीच हिंमत नव्हती. तेलेस्फोरने त्याच भीतीपोटी नियम काढला, की धुक्यात शंख फुंकायचा नाही, आवाजावरून शत्रूला गाव सापडेल. झाले. मी फळीवर बसलो तो बसलोच. सबंध उन्हाळा माझ्यावर धूळ साचली, आणि खरे सांगतो, मला त्याचे फार वाईट वाटले.

सप्टेंबरात एका संध्याकाळी पुन्हा तो धप्प आवाज झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे एल्झेआर तरीही एकटा मासे धरायला गेला. पोटाला लढाई कळत नाही. दहाच्या सुमाराला झेलिया माचांवर वाळत घातलेला कॉड उलटत होती आणि पाहता पाहता तिच्या हातातला मासा तिलाच दिसेना. धुके उतरले होते, आणि ओहोटीची ओढ म्हातारीकडे होती.

तिने तासभर वाट पाहिली. मग घरात येऊन मला उचलले, पदराने पुसावे तसे ॲप्रनने पुसले आणि तरातरा किनाऱ्यावर आली. तिथे तेलेस्फोर उभाच होता.

“झेलियावहिनी, तो शंख खाली ठेवा. सगळ्या गावाच्या जिवावर बेतेल.”

“भावजी, पाणबुडीवाल्यांना किनारा कुठे आहे ते पक्कं ठाऊक आहे. शोधतोय तो माझा नवरा.”

“मला वहीत लिहावं लागेल.”

“लिहा की. दोन लांब, एक आखूड असं लिहा. चुकवू नका.”

आणि तिने फुंकले. किती महिन्यांनी! मी पूर्ण ताकदीने ओरडलो. ती थांबून कान देई, पुन्हा फुंकी. अर्ध्या तासाने धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. झेलिया मला छातीशी धरून गुडघाभर पाण्यात धावली.

ती एल्झेआरची होडी नव्हती. मोठी, अनोळखी होडी होती. तिच्यात अकरा माणसे होती, तेलाने काळी झालेली, थंडीने आखडलेली. आदल्या संध्याकाळी बुडालेल्या जहाजावरचे खलाशी. रात्रभर भरकटून ते म्हातारीच्या अगदी जवळ आले होते आणि माझ्या आवाजावर वळले होते.

झेलियाच्या तोंडावरचा रंग उडाला. देव साक्षी आहे, त्या क्षणी तिला ती माणसे नको होती, तिला एकच माणूस हवा होता. पण तिने पहिल्याचा हात धरला आणि त्याला ओढून वर घेतले. तेलेस्फोर वही वाळूत टाकून दुसऱ्याला धरायला धावला. शेजारणी घोंगड्या घेऊन आल्या, त्याच खिडक्यांवरच्या.

झेलिया पुन्हा फुंकू लागली. आता तिचा ओठ फाटला होता. माझ्या कडेला रक्त लागले. एक लांब हाक निघाली, दुसरी मधेच तुटली, आणि तिसऱ्या वेळी माझ्यातून नुसती हवा गेली. ती मटकन वाळूत बसली आणि रडू लागली. जिच्या फुंकरीची नवरा गावभर चेष्टा करायचा, तिचा दम संपला होता.

तेव्हा त्या खलाशांतला एक काळासावळा, उंच माणूस घोंगडी सावरत पुढे आला. ऑब्री त्याचे नाव. त्याने मला हातात घेतले आणि माझ्या गुलाबी ओठांवरून अंगठा फिरवला. तो स्पर्श मी ओळखला, मित्रांनो. तो बार्बाडोसचा होता. त्याच्या गावी मासळी आली की शंखच फुंकतात. त्याने फुंकले, पण त्याच्या गावची हाक, सलग आणि नाचरी.

झेलियाने मान हलवली. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. तिने त्याचे मनगट धरले. दाबून धरले, सोडले. दाबून धरले, सोडले. मग एकदा झटकन. ऑब्रीला कळले. दोन लांब, एक आखूड. ती मनगट दाबत राहिली आणि तो फुंकत राहिला.

बऱ्याच वेळाने धुक्यातून एक ओळखीचा, वैतागलेला आवाज आला.

“अगं, कोण फुंकतंय? शेवटची केवढी लांबवतोय. मला वाटलं, मी बुडालो समजून तू दुसरं लग्न केलंस.”

झेलिया धावत पाण्यात शिरली. तिने एल्झेआरच्या ओल्या कोटाची बाही घट्ट धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

दुपारी आमच्या स्वयंपाकघरात खलाशांना वाटाण्याचे गरम सूप मिळाले आणि पावावर काकवी. ऑब्रीने पहिला घास घेतला आणि तो थांबला. मग हसता हसता त्याचे डोळे भरून आले. काकवी त्याच्याच बेटाची होती. कोपऱ्यात तेलेस्फोर वही उघडून बसला होता. त्याने लिहिले, “धुके दाट. काहीही ऐकू आले नाही.” दुसऱ्या दिवसापासून गावातले सगळे शंख धुक्यात वाजू लागले आणि आमचा पहारेकरी ठार बहिरा झाला.

लढाई संपल्यावर पहिल्या नाताळात एक छोटे पिंप आले. आत काकवी होती, चिठ्ठी नव्हती. झाकणावर चाकूने तीन रेघा कोरल्या होत्या, दोन लांब, एक आखूड.

पुढे धक्क्यावर भोंगा बसला, होड्यांत रेडिओ आले. मी दार आपटू नये म्हणून उंबऱ्याशी टेकवलेला दगड झालो. कोणी रंगाचा ब्रश माझ्यावर पुसला, कोणी लाथाडले. झेलिया गेली, एल्झेआरही गेला. पण या उन्हाळ्यात त्यांची पणती ओदेत हिने मला उचलले, धुतले आणि फुंकले. असा काही फुस्स आवाज निघाला, की कुत्रा पळाला. ती हसली आणि पुन्हा फुंकू लागली. आता रोज फुंकते. दम आहे पोरीत, पणजीवर गेली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही बोलावण्याचे काही जुने साधन असेल, त्याला दाराचा दगड करू नका. पुसून ठेवा, वाजवायला शिका. आपल्या माणसाला मारलेल्या हाकेवर कधी भलताच कोणी येऊन उभा राहील. त्याला आधी वर घ्या. मग पुन्हा फुंका, आपले माणूस अजून धुक्यात आहे.