बोट धक्क्याला लागताना

"आता बघ हं, बंद पडतं की नाही," म्हणत कप्तानाने लीव्हर मधे आणला. इंजिन एक आचका देऊन गप्प झालं. "बघितलंस? गिअर काढला की मेलं! मग उलटा गिअर टाकून थांबवता येत नाही. बोट धक्क्याला आदळेल नाही तर काय त्याचा पापा घेईल?"

मिस्त्री हसला, पण मनापासून नाही. रात्री पाठीने झोपू दिलं नव्हतं, आणि आता त्याच पाठीला इंजिनाच्या खड्ड्यात वाकायचं होतं. कप्तानाची बोट आठ माणसांची, या काठावरून त्या काठावर जाणारी. पण ऐट अशी, की 'कप्तान' हे नाव पडलं ते पडलंच. दोघांचे केस काळे होते तेव्हापासून मिस्त्रीच तिचं इंजिन बघत आला होता.

हत्यारं आणायला तो वर गेला, तशी कप्तानाची मुलगी मागोमाग आली. धक्क्यावर दोर धरायचं आणि माणसं चढवायचं-उतरवायचं काम तिचं.

"काका, खरं काय ते सांगा. महिन्यात तिसऱ्यांदा आदळली. काल एक बाई पाण्यात जाता जाता वाचली. इंजिनात काही निघालं नाही, तर मी बाबांना घरी बसवणार."

"त्याच्याशी बोललीस?"

"बोलायची सोय आहे का? सगळा दोष इंजिनाचा."

मिस्त्रीने हत्यारांची पेटी उचलली. नसता निवाडा आपल्या गळ्यात पडला, याचा त्याला वैताग आला. देवा, इंजिनातच काहीतरी निघू दे, असं मात्र त्याला अगदी आतून वाटलं.

खाली येऊन त्याने इंजिनाचं झाकण उघडलं. तिथे एका पट्टीवर दोन केबल येऊन मिळत. एक लीव्हरकडून येणारी, दुसरी बोटीच्या बुडातून मागे, पाण्यातल्या गिअरपर्यंत जाणारी. आधी त्याने इंजिन गिअरशिवाय नुसतं चालू असतानाचा वेग तपासला. तो फारच चढा होता.

"हा वेग कुणी वाढवला?"

"मी," मुलगी म्हणाली. "बंद पडू नये म्हणून."

"सगळे हेच करतात. त्याने गिअर आणखी घट्ट धरून बसतो, बाई."

त्याने दोन्ही केबल सोडवल्या. लीव्हरकडची दोन बोटांनी अलगद सरकली. मागची हलेना. दोन्ही हातांनी ओढल्यावर ती कुरकुरत जेमतेम पुढे आली. वरचं आवरण झिजून आत पाणी शिरलं होतं आणि तार गंजली होती. गिअर सुटावा म्हणून इंजिनाला क्षणभर थांबवणारं एक बटण त्या पट्टीवर असतं. केबल अडली की ते दाबलेलंच राहतं, आणि इंजिन कायमचं थांबतं.

"केबल गेलीय!" तो ओरडला. वय विसरून ओरडला.

"मी काय म्हणत होतो?" कप्तानाने मुलीकडे असं बघितलं, की तिने मान खाली घातली. तिच्या चेहऱ्यावरही सुटल्यासारखं काहीतरी होतंच.

बोट उतारावर ओढून घेतली, मागचं गिअरचं सगळं धूड उतरवलं, नवी केबल ओवली. मिस्त्रीची पाठ कामातून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट पुन्हा पाण्यात उतरली. मुलगी दोर घेऊन धक्क्यावर उभी राहिली आणि हे दोघे फेरी मारायला निघाले.

गिअर पुढे, मधे, मागे. इंजिन एकदाही अडखळलं नाही. "लोणी रे, लोणी!" कप्तान पोरासारखा खूश झाला. मिस्त्रीलाही दोन दिवसांच्या कष्टाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

बोट धक्क्याकडे वळली. आता हा गिअर काढेल, असं मनाशी म्हणत मिस्त्री वाट बघत राहिला. कप्तान समोर बघत होता, हसतच होता, आणि धक्क्याचा खांब जवळ येत होता.

"कप्तान, गिअर! अरे, गिअर!"

कप्तानाने लीव्हर ओढला. गिअर तत्काळ सुटला. तरी बोट खांबावर दाणकन आदळलीच. इंजिन बंद पडलं नाही. ते संथपणे चालू राहिलं, कुणालाही त्याच्याकडे बोट दाखवता येऊ नये असं.

वरून मुलगी मिस्त्रीकडे बघत होती. त्याला तिची नजर सोसवेना.

"थोडं सेटिंग राहिलंय," तो चाचरत म्हणाला. "केबल नवी आहे ना, जरा..."

"राहू दे रे," कप्तान म्हणाला. "बोट ठीक आहे. मला खांब दिसला नाही. परवाही नव्हता दिसला."

आपण कालच घरी गेलो असतो तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

"ये खाली," कप्तान मुलीला म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला चाकाला हात लावू दिला नव्हता. "बस इथे. एक चक्कर मार."

"बाबा, मला..."

"रोज बघतेस ना? मग मार की."

तो उठला आणि चाचपडत उतारूंच्या बाकावर येऊन बसला. हातांचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी ते त्याने मांडीवर ठेवले. मुलीने बोट लांब नेली, वळवली, आणि धक्का बराच दूर असतानाच गिअर काढला. बोट आपल्या वेगाने सरकत आली आणि आवाज न करता खांबाला टेकली. मिस्त्रीने दोर बांधला.

कप्तान बसूनच होता. जरा वेळाने त्याने विचारलं, "पोचलो का गं?"

"पोचलो, बाबा."