खरं न ओळखणारा कंपायलर

राहात्याच्या आमच्या कॉलेजात गेल्या वर्षी नवे कॉम्प्युटर आले. नारळ फुटला, पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी बिभीषण सरांनी त्या नव्या डब्यांत निळ्या पडद्याचा जुना कंपायलर टाकला. सर स्वतः शिकत होते तेव्हाचा! आम्ही लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल असा करून द्यायचं काम या म्हाताऱ्याकडं. फुकट मिळतो, हे सरांचं कारण. अहो, नवाही फुकटच मिळतो! पण मग सरांना नोट्स बदलाव्या लागल्या असत्या. नाव बिभीषण असलं तरी सरांनी आपल्या नोट्सची बाजू कधी सोडली नाही.

सुकन्या माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. ती घरी मोबाईलवर नव्या कंपायलरवर शिकलेली, वर्गात खरी हुशार तीच. नगरच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, शेवटच्या प्रॅक्टिकलमध्ये पास व्हायचं. त्यातले निम्मे मार्क सरांच्या हातात.

परीक्षेत तिनं विहिरीवरच्या मोटरीचा 'क्लास', म्हणजे प्रोग्राममधला मोटरीचा साचा, लिहिला. मोटर चालू असेल तर 'ट्रू', म्हणजे खरं. बंद असेल तर 'फॉल्स', म्हणजे खोटं. बटण दाबलं आणि निळ्या पडद्यावर एरर आला: हे 'ट्रू' काय असतं, मला माहीत नाही. म्हाताऱ्याचा तरी काय दोष? तो जन्मला तेव्हा हे शब्द त्या भाषेत आलेच नव्हते.

तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक तिच्या मागं येऊन उभे राहिले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेता घेता लॅब किती अत्याधुनिक आहे ते ऐकूनच ते आले होते.

"सर, याला खरं कळत नाही," सुकन्या म्हणाली.

बिभीषण सर धावतच आले. "अगं, मग काढून टाक की ते खरं! खऱ्याच्या जागी एक लिही, खोट्याच्या जागी शून्य. लई शानपना करू नको."

तिनं खरं काढून टाकलं. पडद्यावर मोटर चालू झाली.

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. "कंपायलर नवा आहे ना? प्राचार्य तसं म्हणाले."

सुकन्यानं सरांकडं पाहिलं. सर पंख्याकडं बघत होते. ती बोलली असती तर मला तिचा लई अभिमान वाटला असता, आणि तिची नोकरी गेली असती. अभिमान वाटून घ्यायला माझं काय जात होतं?

"हो सर," ती म्हणाली. "नवाच आहे."

परीक्षकांनी मार्क लिहिले आणि ते पुढच्या मशीनकडं गेले. सुकन्या मान खाली घालून कीबोर्डकडं बघत राहिली. तिचा राग नाही आला मला. रडू आलं.

सरांनी खुशीत तिच्या टेबलावर थाप मारली.

"बघितलं? मी काय म्हनलो हुतो? खरं काढून टाकलं की सगळं बरोबर चालतंय."