बुजवलेल्या तलावावरची फळी

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला मुळीच वेळ लागणार नाही. पोहण्याच्या तलावात खोल बाजूला जी लांब फळी पाण्यावर पुढे आलेली असते ना, जिच्या टोकावर पोरं दणकन नाचतात आणि धप्पकन पाण्यात पडतात, ती मी! अमेरिकेत अलाबामातल्या टॅलोज फोर्क या गावात माझं सगळं आयुष्य गेलं. मी अॅल्युमिनियमची, त्यामुळे गंज मला ठाऊक नाही. आज मी इतकी खुशीत आहे, की बोलता बोलता मधूनच थरथरले तर सांभाळून घ्या.

ते सुरुवातीचे उन्हाळे! सकाळपासून माझ्यावर रांग लागायची. महापौर रॉइस लेडबेटर यांची लहानगी मेरिली टोकापर्यंत यायची, खाली बघायची आणि भोकाड पसरून परत पळायची. एके दिवशी तिने डोळे मिटून उडी मारली, आणि मग तिला घरी न्यायला तिच्या आईला दम द्यावा लागला. गावातली सगळी मुलं माझीच आहेत, असं मला वाटायचं. पण तारेच्या कुंपणाबाहेर मेरिलीच्याच वयाची ओझेला गेन्स उभी असायची. ती काळी होती. आमचा तलाव फक्त गोऱ्यांसाठी होता. ती तारेला नाक लावून माझ्याकडे बघत राहायची, आणि मला काही करता येत नव्हतं.

मग देशाचा कायदा बदलला, अशा जागा काळ्या-गोऱ्या सगळ्यांना खुल्या झाल्या. ओझेला आईचा हात धरून दारासमोर रांगेत येऊन उभी राहिली. पोहण्याचे कपडे तिने फ्रॉकच्या आतच घातले होते, इतकी घाई! आणि लेडबेटरसाहेबांनी काय केलं? तलावच बुजवायचा हुकूम सोडला. काळ्या पोरांनी त्या पाण्यात उतरण्यापेक्षा पाणीच नको! लाल मातीचे ट्रक येऊ लागले. एका मजुराने विचारलं, "मुकादम, या फळीचं काय करायचं?"

"साहेब तलाव बुजवा म्हणाले. फळीचं नावसुद्धा काढलं नाही. तुला काय पडलंय? राहू दे."

तशी मी राहिले, मित्रांनो. पाणी नाही, पोरं नाहीत, नुसत्या गवतावर पुढे आलेली फळी. लोक माझा बाक करून बसू लागले. उकडलेल्या शेंगा खायचे, टरफलं माझ्याखाली टाकायचे. मला फार वाईट वाटायचं. पण बसणाऱ्यांच्या गप्पांमधून गावाची बित्तंबातमी कळायची.

त्यातूनच कळलं, की लेडबेटरसाहेब आमदार झाले. गावात दवाखाना आला, तो त्यांच्यामुळे. काळ्या वस्तीतले रस्ते झाले, तेही त्यांच्यामुळे. म्हातारपणी एका रविवारी ते ओझेलाच्या चर्चमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, "मी चुकलो. तलाव मी बुजवला, आणि का बुजवला तेही मला माहीत आहे." त्या चर्चची रीत अशी, की कोणी अशी चूक कबूल केली तर सगळ्यांनी एकेक करून त्याच्याशी हात मिळवायचा आणि मग त्याला जेवू घालायचं. ओझेलाने हात मिळवला. वर आपल्या हातचा लोण्याचा केकही वाढला. त्यानंतर साहेबांनी शेवटची खटपट केली ती तलाव पुन्हा उकरायच्या पैशांसाठी. पैसे मंजूर झाले, आणि खोदकाम सुरू व्हायच्या आधीच ते गेले.

पण खोदकाम झालं! काय सांगू तो आनंद! माती निघाली, निळ्या फरशा दिसल्या, मला नवे बोल्ट बसले. आणि तेवढ्यात माशी शिंकली. दारावर "रॉइस लेडबेटर तलाव" अशी पाटी लावायची, असं काहींनी ठरवलं. ओझेला उतारवयात मुद्दाम शेजारच्या गावी जाऊन पोहायला शिकली होती, ती याच पाण्यासाठी. तिने साफ सांगितलं, "त्या नावाखालून मी आत पाऊल टाकणार नाही."

माझा जीव टांगणीला लागला. सभा माझ्या शेजारीच मांडवात भरली.

मेरिलीही आता म्हातारी झाली होती. ती कळवळून म्हणाली, "ओझेला, अगं बाबांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. तू हात मिळवलास. केक वाढलास! मग आता राहिलं काय?"

"वाढला ना. आज असते तर आणखी एक तुकडा वाढला असता. माफी माझी होती, मी दिली. हा दरवाजा गावाचा आहे, बाई. केक खाल्ला म्हणजे दरवाजाही मिळाला का?"

"आमेन!" मागून कोणीतरी ओरडलं.

नगरसभेतला तरुण डेरिक उसळून उठला. "बरोबर! त्या माणसाचं नावच नको. कुठ्ठेच नको!"

ओझेला गर्रकन वळली. "तू जरा खाली बस, राजा. नाव पुसलंस तर तलाव कोणी बुजवला म्हणून सांगशील? आपोआप बुजला? दाराजवळ एक दगड बसवा, त्यावर त्यांचं नाव घाला, आणि बुजवला तेही लिहा, उघडायला पैसे आणले तेही लिहा."

"म्हणजे माझ्या बाबांची अब्रू वेशीवर टांगायची?" मेरिली तडकून उठली.

"ती त्यांनी चर्चमध्ये स्वतःच टांगली होती, मेरिली. त्यांना जमलं. आपल्याला जमू नये?"

मेरिली मटकन माझ्यावर बसली. मग ती नाक पुसत म्हणाली, "लिहा. पण बुजवला ते आधी लिहा. नाहीतर बाबाच म्हणाले असते, मेरिली, लपवतेस काय?"

डेरिक शेवटपर्यंत कुरकुरत होता. साहेबांचे दोन जुने मित्र सभा सोडून निघून गेले. पण दगड बसला, आणि दारावर नुसतं गावाचं नाव लागलं.

उद्घाटनाला ही गर्दी! रांगेत सगळ्यात पुढे मेरिलीची नात कॅली. तिने दगडावरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि विचारलं, "आजी, पणजोबांनी तलाव का बुजवला?"

मागून ओझेला हळूच म्हणाली, "तू सांगतेस, की मी सांगू?"

"मी सांगते." मेरिली नातीजवळ वाकली. "या मिस ओझेला पाण्यात उतरतील, म्हणून."

"का? काय केलं होतं त्यांनी?"

"काहीसुद्धा नाही ग. तुझ्याएवढ्याच होत्या. रांगेत उभ्या होत्या."

कॅली ओझेलाकडे बघतच राहिली. मग ती पुढची जागा सोडून बाजूला झाली. "मग आधी त्या!"

आणि मित्रांनो, ओझेला माझ्यावर आली! टोकाशी थांबली, एकदा मोठ्याने हसली, आणि धप्प!

मोठ्या माणसांच्या नावाचे दगड दिसले, की नुसते पुढे जाऊ नका. थांबून पूर्ण वाचा, आणि कळलं नाही तर विचारा. तुम्हाला कोणी विचारलं, तर खरं सांगा. माझे बोल्टही अधूनमधून आवळत जा. आता सरका बघू बाजूला, कॅली धावत येते आहे!