काकांची झोप

पेशंटची झोप मोजण्याआधी स्वतःची मोजून घ्यायची, हा मॅडमचा नियम. झोपेच्या आजारांचं वर्षभराचं खास शिक्षण घ्यायला जो कोणी डॉक्टर त्यांच्याकडे येई, त्याला एक रात्र पेशंटच्या खाटेवर काढावी लागे. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना वायरी, छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. वर छताला कॅमेरा आणि उशाशी माइक. मग ती अख्खी रात्र वर्गात मोठ्या पडद्यावर लावायची आणि सगळ्यांनी मिळून तपासायची. तोपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही.

या वर्षी तिघे होते. एक मेंदूचा डॉक्टर, एक कान-नाक-घशाची डॉक्टर आणि तिसरे छातीचे डॉक्टर. वर्गात त्यांना मेंदूवाला, कानवाली आणि काका म्हणत. काका पन्नाशी ओलांडलेले, बाकीचे दोघे त्यांची मुलं शोभावीत अशा वयाचे. मॅडमसुद्धा काकांपेक्षा चांगल्या सातआठ वर्षांनी लहान.

मेंदूवाल्याची रात्र सगळ्यात आधी झाली. "मी घोरत नाही, बायको उगाच माझ्यावर आळ घेते," असं तो छातीठोकपणे सांगत होता. स्पीकर लावला आणि गारठलेल्या स्कूटरला किक मारावी तसा आवाज वर्गभर घुमला. स्कूटर काही चालू होईना.

कानवाली म्हणाली, "तुझ्या बायकोला बक्षीस द्यायला हवं रे."

"हे तिला कळलं तर माझी काही खैर नाही."

"मी फोन करून सांगणारच आहे!"

मग कानवालीची रात्र आली. ती झोपेत करकरा दात खात होती. मेंदूवाल्याने लगेच उट्टं काढलं. "काय गं, रात्री उठून खडे चावतेस का?"

काकांची रात्र मात्र काही केल्या येत नव्हती. आधी त्यांना सर्दी झाली, मग दाढ दुखायला लागली. मग घरी पाहुणे येणार होते. तीन महिने असेच गेले. तिकडे बाकीचे दोघे पेशंट बघू लागले आणि काका त्यांच्या मागे उभे राहून ऐकू लागले.

शेवटी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं.

"डॉक्टर, आता काय दुखणार आहे?"

"आता काही नाही."

"मग या शुक्रवारी झोपा. नाहीतर मला तुमची जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल. बाहेर लोक वाट बघतायत. आणि तुम्हाला सूट दिली तर उद्या या दोन पोरांना मी काय सांगू?"

"आवाजाशिवाय नाही का चालणार?" काकांनी विचारलं.

"घोरण्याची लाज वाटते? अहो, त्या मेंदूवाल्याचं ऐकलंत ना?"

काका कसंनुसं हसले. मॅडमना तसंच वाटू दिलं. घोरण्याचं काहीच नव्हतं. खरी गोष्ट सांगायला तोंड उघडेना.

काकांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा स्वतःचा दवाखाना होता आणि बाहेरच्या टेबलावर ती बसायची. कोणाला आधी आत सोडायचं, कोणाला जरा थांबवायचं, कोणाला रागवायचं, सगळं तीच बघायची. ती गेल्यावर काकांनी दोनदा दवाखाना उघडला. दोन्ही वेळा त्या रिकाम्या टेबलापुढून आत जाववेना, म्हणून कुलूप लावून घरी आले. नंतर नुसते खुर्चीत बसून असत. कोणीतरी या शिक्षणाबद्दल सांगितलं, त्यांनी अर्ज केला, आणि निदान सकाळी उठून दाढी करायला कारण मिळालं. ही जागा गेली तर पुन्हा ती घरातली खुर्ची होतीच.

घरात आता ते आणि सासूबाई. लेकीच्या आजारपणात सासूबाई मदतीला म्हणून आल्या होत्या. लेक गेली, त्या राहिल्या. आता जावयाकडे राहायचं की नाही, हा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

शिक्षण सुरू झालं त्याच आठवड्यात एकदा सकाळी चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या होत्या, "जावईबापू, रात्री कुणाशी बोलत होता?"

"मी? कुणाशीच नाही."

"आपली भिंत काही एवढी जाड नाही."

"काय बोलत होतो?"

"शब्द कळत नाहीत. आवाज कळतो. तिच्याशी बोलायचात तसाच आवाज."

एवढं बोलून त्या कप घेऊन आत गेल्या. पुढच्या आठवड्यात काकांच्या लक्षात आलं, की सासूबाईंची खाट खिडकीजवळून हलून मधल्या भिंतीला लागलीय. विचारलं तर म्हणाल्या, कमरेला वारा लागतो.

तेव्हापासून काकांना त्या माइकची धास्ती बसली होती. आपण झोपेत तिला काय सांगतो, कशी हाक मारतो, रडतो की काय, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. आणि ते वर्गात, स्पीकरवर, या पोरांसमोर वाजणार. वर मॅडम विचारणार, हा तुकडा झोपेच्या कोणत्या अवस्थेतला?

शुक्रवार जवळ आला. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. काका समोर येऊन बसले.

"आई, ते शिक्षण सोडून द्यावं म्हणतो."

"सोडा. मग दवाखाना उघडणार?"

काका पातेल्यातली पानं चाळू लागले.

"नाही ना? मग रोज सकाळी उठून कुठे जाणार? माझ्याबरोबर भाजी निवडणार? येते तरी का?"

"येते की."

"हो, परवा बघितलं. देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात."

काकांनी एक जुडी ओढून घेतली आणि खाली मान घालून निवडायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिथे उशाशी माइक असतो, आई. रात्रीचं सगळं वर्गात ऐकवतात."

सासूबाईंचा हात थांबला. 

"ऐकू देत," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मी एकटीच ऐकतेय. मला तर शब्दही कळत नाहीत." मग पुन्हा भाजीला हात घालून, काकांकडे न बघता म्हणाल्या, "तिथे कळले तर मला सांगा."

शुक्रवारी संध्याकाळी काका घरचे कपडे पिशवीत घालून गेले. वायरी लावणाऱ्या टेक्निशियनबाई त्यांच्या डोक्यावर टेपने मापं घेऊन खुणा करत होत्या. खुणेवर चिकट लगदा, त्यावर वायर, वर पट्टी. हे काम काकांनी इतके दिवस उभ्याने पाहिलं होतं. खाली बसून मान दिल्यावर ते वेगळंच वाटलं.

"हलू नका हो काका. पेशंट बरे तुमच्यापेक्षा."

"किती वेळ लागतो?"

"गप्प बसणाऱ्याला कमी लागतो."

बाईंनी दिवा मालवला. "काही लागलं तर नुसतं बोला, मला पलीकडे ऐकू येतं," असं सांगून दार ओढून घेतलं. काकांनी ठरवलं होतं, की झोपायचंच नाही. झोपच नाही तर बोलणं कुठलं? पण रोज खुर्चीत डुलक्या काढणाऱ्या माणसाला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी पांघरूण घालून दिलं होतं. ठरवलेलं फार वेळ टिकलं नाही.

सकाळी टेक्निशियनबाई कोमट पाण्याने लगदा सोडवत होत्या. काकांनी विचारलं, "मी काही बोललो का?"

"ऐकलेलं मी सांगत नाही. पेशंटलाही नाही आणि तुम्हालाही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण काका, नको वाटत असेल तर आत्ता सांगा. स्पीकरची वायर काढून ठेवते. बिघडलाय म्हणेन."

म्हणजे काहीतरी होतं.  हो म्हणायला काकांनी तोंड उघडलंही.

"पेशंटच्या वेळी बिघडतो का तो?"

"नाही."

"मग राहू दे."

वर्ग भरला. मॅडम मागे बसल्या, मेंदूवाला आणि कानवाली पुढे. अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या रेघांचं एक पान, अशी काकांची रात्र पडद्यावर सरकू लागली. थोडं घोरणं, अधूनमधून अडलेला श्वास. "बरी आहे की तब्येत," कानवाली म्हणाली. गाढ झोप गेली, पुन्हा हलकी आली. काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

पहाटेची पानं आली. डोळ्यांच्या रेघा उड्या मारू लागल्या. आणि स्पीकरमधून आवाज आला.

काका हसत होते.

आधी नाकातल्या नाकात, मग तोंड उघडून, जेवता जेवता मागे रेलून माणूस हसतो तसं. मध्येच दम खाऊन म्हणाले, "अगं, पुरे!" आणि पुन्हा हसायला लागले.

 मेंदूवाल्यानेच आधी तोंड उघडलं. त्याच्या कपाळाला आठी होती. "मॅडम, या वयात झोपेत असं हसणं-बोलणं... स्वप्न बघताना माणूस हातपाय झाडतो, त्या आजाराची सुरुवात तर नसेल?"

"घाबरवू नकोस त्यांना. हनुवटीची रेघ बघ. हसण्याच्या आधी सैल, नंतरही सैल. त्या आजारात अशी राहते का? आणि हातपाय कुठे झाडलेत? माणूस हसतोय, एवढंच."

कानवालीने मागे वळून बघितलं. "काका, तुम्ही असे हसता?"

"हसायचो," काका म्हणाले.

 मॅडम नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, अवस्था सांगा. पेशंट दुसरा कोणी आहे असं समजा."

काकांनी घसा साफ केला. "स्वप्नांची झोप."

"कशावरून?"

"डोळे भरभर फिरतायत. हनुवटी सैल. मेंदूच्या लाटा बारीक, जाग्या माणसासारख्या." पुढे आणखी काहीतरी सांगायचं होतं, ते राहिलं.

"बरोबर. सोमवारपासून पेशंट घ्या."

घरी सासूबाई दारातच होत्या. त्यांनी काकांच्या केसांत राहिलेला लगदा बघितला, पण त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

"काय बोललात?"

"बोललो नाही फारसं. हसलो."

"हसलात?"

"बराच वेळ. मध्येच 'अगं, पुरे' म्हणालो."

सासूबाई आत येऊन खुर्चीवर बसल्या. "पुरे म्हणालात? मग ती नकला करून दाखवत असणार. लहानपणापासूनची खोड. घरी कोणी येऊन गेलं की दार लावायच्या आत सुरू. थांबवल्याशिवाय थांबायची नाही." त्यांनी काकांकडे बघितलं. "थांबली का?"

"नाही. मी पुढेही हसतच होतो."

"कुणाची करत होती?"

"ते मशीनला कळत नाही, आई."



"माझीच करत असेल," सासूबाई म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावून त्या उठल्या आणि काकांना डोक्यावरून पाणी घ्यायला म्हणून मोठं पातेलं गॅसवर चढवलं.